मसाला कांडपाच्या पाटीसाठी जाड अक्षरं : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

लालबागच्या मिरची गल्लीत मामाचं मसाला कांडपाचं दुकान आहे. तीन डंक (मसाला कुटायची यंत्रं), एक भट्टी, आणि दारावर नोव्हेंबर २०२३ मधला फ्लेक्स. मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ ला दोन महिने दिले होते, मामा शेवटच्या आठवड्यात जागा झाला. कामगारामागे २,००० रुपये दंड, दुकानात पाच माणसं. १० हजारांचा आकडा डोळ्यांपुढे आल्यावर त्याने एका रात्रीत फ्लेक्स छापून आणला.

छापणाऱ्याने मजकूर बसेना म्हणून अक्षरं आडवी दाबली. त्यामुळे काने सुतळीसारखे आणि शिरोरेषा तुळईसारखी. 'मिळेल'मधली वेलांटी म सोडून ळ वर जाऊन बसलीय. ल हिंदी घाटाचा. गेलं वर्षभर मी त्याच्याखालून मान खाली घालून आत जातेय, कारण माझा धंदाच पाकिटांची आर्टवर्क करण्याचा आहे.

मामाला होळीच्या आत, म्हणजे १३ मार्चपर्यंत, नवी पाटी हवीय. होळीनंतर मे अखेरपर्यंत दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. पाटी १० फूट × ३ फूट. मजकूर 'मालवणी मसाला कांडप' आणि खाली एक बारीक ओळ. बजेट २० हजार. मामाची अट एकच: "माका रस्त्यावरसून वाचूक येवक होयां, बस."

तयार टाइप, म्हणजे फॉन्ट, आधी दाखवले. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मोदक आणि बालू, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर फुकट मिळतात. मोदक खरोखर मोदकासारखा आहे, गुबगुबीत, आतली पोकळी नुसत्या चिरेएवढी. तो बघून मामी म्हणाली, "ह्यां मिठायच्या दुकानाक बरां." बालू मला चालला असता, पण मामाला 'जुन्या पाटीसारखं' हवं होतं. जुनी पाटी म्हणजे कुठली, हे तेव्हा मी विचारलं नाही. तीन आठवडे इथेच गेले.

मी म्हटलं, मीच काढते. दोन रविवारांचं काम. (हे वाक्य नंतर घरात बरंच वापरलं गेलं.)

११ जानेवारी, शनिवार

बटर पेपरवर चौकोनी बोरूच्या घाटाची अक्षरं काढली, मोबाइलने फोटो घेऊन त्यावर रेषा ओढल्या. १००० एककांच्या चौकटीत काना २४० जाड, शिरोरेषाही २४०. अंग, म्हणजे शिरोरेषेच्या माथ्यापासून तळापर्यंत, ६४० एकक. पाटीवर हे अंग २०० मिमी ठेवायचं ठरवलं होतं.

पहिली चूक लगेच कळली. ण मध्ये तीन उभ्या रेषा असतात. २४० च्या तीन म्हणजे ७२० नुसतं काळं, आतली मोकळी जागा वेगळी. तिन्ही शब्दांची बेरीज केली तर ओळ ११ फूट २ इंच झाली. पाटी १० फूट.

मग मी करू नये ते केलं: जाडी तशीच ठेवून आतली पोकळी कापत गेले. म च्या गाठीत ८ एकक, ण च्या दोन रेषांत १०. ओळ ९ फुटांत बसली. स्क्रीनवर इतकी देखणी दिसली की रात्री दोन वाजता मी ती मैत्रिणीला पाठवली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम शून्य.

१९ जानेवारी, रविवार

चाचणी. पाटी पाव आकारात ए-थ्री कागदांवर छापून, जोडून, आमच्या चाळीच्या गॅलरीच्या एका टोकाला चिकटवली. पाव आकार ५ मीटरवरून बघितला की पूर्ण आकार २० मीटरवरून बघितल्यासारखाच. गल्लीचं तोंड दुकानापासून साधारण तेवढंच लांब आहे. असल्या चाचणीला चाळीच्या गॅलरीसारखी जागा नाही. प्रकाशही बेताचा, आणि येणारा-जाणारा फुकटचा वाचक.

शेजारचा चौथीतला मुलगा उभा केला. त्याने मोठ्यांदा वाचलं: "ममाला कांडप."

पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा 'ममाला'. स आणि म दोन्हींना डावीकडे गाठ, उजवीकडे काना. फरक करणारी आतली फट पाटीवर २.५ मिमीची होणार होती. चांगल्या नजरेलाही २० मीटरवरून साधारण ६ मिमीपेक्षा बारीक फट दिसत नाही, म्हणजे ती फट माझ्या स्क्रीनपुरतीच होती. 'मालवणी'चं तर वाचन झालंच नाही, मुलगा म्हणाला, "पहिला शब्द काळा आहे."

सगळं काम वाया. कागद ३४० रुपये.

२५ जानेवारी, शनिवार

शेवटी मामाला विचारलं, जुनी पाटी म्हणजे कुठली? त्याने पोटमाळ्याकडे बोट दाखवलं. डंकाच्या जुन्या पट्ट्यांमागे पत्र्याची पाटी निघाली, १९८६ ची, कोपऱ्यात रंगवणाऱ्याची सही. एनॅमलचा पिवळा तडकलेला, पण अक्षरं शाबूत. बाहेर काढून भिंतीला लावली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन बघितली. वाचता येत होती.

मोजपट्टी लावली तर गंमत. काना ५२ मिमी. माझा २४० एककांचा काना पाटीवर ७५ चा होणार होता. अक्षराचं अंग मात्र दोन्हीकडे २०० च. म्हणजे जुनं अक्षर माझ्यापेक्षा बरंच सडपातळ, आणि तरी जास्त ठळक. शिरोरेषा तर फक्त ३६ मिमी.

सही करणारे पेंटरकाका काळाचौकीला राहतात, वय ऐंशीच्या घरात, हात थोडा कापतो. मामा मला घेऊन गेला. मी लॅपटॉप उघडून माझी अक्षरं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीन लांब धरली, डोळे बारीक केले.

"बाळ, तू आधी दांडे काढलेस ना?"

"हो."

"म्हणून. आधी भोकं काढायची."

मग त्यांनी खडू घेतला आणि मोरीजवळच्या लादीवर म चं फक्त आतलं भोक काढलं, नुसता पोकळीचा आकार, थोडा आडवा, डावीकडे निमुळता. शेजारी स चं. दोन्ही इतकी वेगळी की बाहेरची रेषा नसतानाही कुठलं कोणाचं ते कळत होतं. त्यांची मापं बोटांची: म चं भोक दोन बोटं, ण मधली फट करंगळीएवढी, "करंगळी जात नसेल तिथे लांबून नजर पण जात नाही." शिरोरेषा दांड्याहून बारीक का, हे विचारल्यावर म्हणाले, "ती सगळ्या अक्षरांवरून जाते. जाड केली तर छप्पर वाचतील, घर नाही."

तरुणपणी ते वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापून ठेवायचे, अक्षरकार कमल शेडग्यांची अक्षरं असलेल्या. ट्रंकेतून काही काढून दाखवल्या. कागद पिवळा पडलेला, शाई अजून काळी. मी दीड तास तिथेच बसले. मामा मध्ये दोनदा दुकानात जाऊन आला.

२६ जानेवारी, रविवार

सगळं नव्याने. या वेळी पांढरे आकार आधी काढले, मग त्यांच्याभोवती काळं वाढवलं. ठरलेली मापं, कुणाला उपयोगी पडली तर:

काना १९०, शिरोरेषा १२०. ण, स यांच्या आतल्या उभ्या रेषा १५० पर्यंत उतरवल्या. बघताना सगळ्या सारख्याच वाटतात, मोजल्याशिवाय कळत नाही. कुठलीही फट ३६ एककांपेक्षा कमी नाही, म्हणजे पाटीवर ११ मिमी, करंगळी जाते. क चं डावं पोट मोठं केलं, उजवं लोंबतं टोक आखूड केलं. 'कां'वरचा अनुस्वार काटकसरीने काढला होता, तो कान्याच्या जाडीएवढा केला आणि शिरोरेषेपासून ४० वर उचलला. चिकटून बसला असता तर लांबून शिरोरेषेला टेंगूळ आल्यासारखा दिसला असता.

ओळ ८ फूट ८ इंच. पुन्हा गॅलरी, पुन्हा तोच मुलगा. "मालवणी मसाला कांडप. मला चॉकलेट मिळणार ना?"

२ फेब्रुवारी, रविवार

नुसती तीन शब्दांची चित्रं काढून थांबता आलं असतं. पण मामीला दरपत्रक हवंय, शिवाय आतल्या भिंतीवर सूचना: 'मिरच्या आणणाऱ्यांनी देठ काढून आणाव्यात.' म्हणून फॉन्टफोर्जमध्ये खराखुरा फॉन्ट बांधायला घेतला. फॉन्टफोर्ज फुकट आहे, फक्त तोंडवळा वीस वर्षांपूर्वीचा.

इथे अडकले ते सांगते.

ल: बऱ्याच फॉन्टांत हिंदी घाटाचा ल मूळ जागी असतो, आणि मराठी ल 'मजकुराची भाषा मराठी' असं सांगितलं तरच येतो. फ्लेक्सवाला भाषा निवडत बसत नाही. म्हणून मी मराठी ल च मूळ जागी ठेवला. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या लिपीविषयक निर्णयातही आपलाच ल, आपलाच श आहे, तेव्हा एवढी दादागिरी चालेल. श चंही तसंच केलं.

'आणणाऱ्यांनी': यातला ऱ्य. युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला र (०९३१), हलन्त आणि य अशी साखळी लागते. काहीजण साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि य अशी टाइप करतात. दोन्ही वाटांनी य च्या आधी तोच अर्धचंद्र, म्हणजे अर्ध्या र ची वळलेली रेघ, यायला हवा, मी आधी एकच वाट बांधली होती. मामीच्या मोबाइलवरून आलेला मजकूर टाकला तर रफार उडून य च्या डोक्यावर, 'आणणार्यांनी'. त्यावर एक अख्खी संध्याकाळ.

शिवाय त्या अर्धचंद्राची जाडी. १९० ने काढला तर णा आणि या यांच्या मध्ये कोणी बोट पुसल्यासारखा डाग दिसतो. ११० वर आणला, शिरोरेषेपासून थोडा सोडवला, आणि य ला टेकण्याआधी फट ठेवली. आता अक्षर दिसतं. या एका चिन्हाला मी अकरा वेळा काढलंय. बाकी कुठल्याही अक्षराला चारच्या वर नाही.

फ्लेक्सवरच्या त्या भरकटलेल्या वेलांटीचं कारणही आज कळलं. फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी टाइप केलेल्या क्रमानेच, अक्षरानंतर पडते. फॉन्टचा दोष नसतो. दुकानात फॉन्ट देताना सोबत ही एक ओळ चिठ्ठीवर लिहून द्या.

९ फेब्रुवारी, रविवार

१,१५० रुपये पाण्यात.

पूर्ण मापाची चाचणी करावी म्हणून लाल विनायल, म्हणजे मागून चिकट प्लास्टिकचा कागद, कटिंगला दिलं. शिरोरेषा सलग दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरात १० एकक घुसवलेली असते, स्क्रीनवर आणि छपाईत ते कळत नाही. प्लॉटरची, म्हणजे कापायच्या यंत्राची, सुरी मात्र दिसेल ती रेषा कापते. 'मालवणी'चे तुकडे होऊन बाहेर आले, प्रत्येक सांध्यावर ३ मिमीची चिंधी. सोलायला बसलेला पोरगा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

उपाय दोन मिनिटांचा होता. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये मजकुराचं पाथमध्ये (आकारांत) रूपांतर, गट सोडवणं, सगळं निवडून युनियन, म्हणजे सगळ्यांचा एकच आकार. मग आउटलाइन मोडमध्ये, जिथे नुसत्या कडा दिसतात, जाऊन बघा, शब्द एकाच सलग रेषेत दिसला पाहिजे. कापायला द्यायची प्रत्येक फाइल आता मी आउटलाइन मोडमध्येच तपासते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अक्षरं कशात कापायची? स्वस्त म्हणून ८ मिमीचा पीव्हीसी फोम ठरवला होता. लेझरवाल्याने हात जोडले, पीव्हीसी जाळला की क्लोरीनचा विषारी धूर निघतो, माणसाला आणि मशीनला दोन्हीला वाईट. त्याचं बरोबर आहे, मलाच माहीत असायला हवं होतं.

मग राउटर, म्हणजे फिरत्या सुईने कोरून कापणारं यंत्र. मोठी तीन अक्षरं नमुना म्हणून कापली, छान आली. खालची ओळ, 'कोल्हापुरी, आगरी, गोडा मसाला भाजून, कुटून मिळेल', अंग ६० मिमीचं. तिथे माझी करंगळीची फट ३.४ मिमी होते आणि राउटरची सुई ३ मिमीहून जरा जाड. ल्ह ची फट अर्धी बुजली, 'कुटून'मधला दीर्घ उकार मोडून हातात आला.

इथे माझा अहंकार मोडला. हा टाइप लहान मापासाठी नाहीच. मोठ्या मापात जी फट करंगळीएवढी, ती ६० मिमीत काडी होते. खालच्या ओळीला मुक्ता घेतला, तोही एक टाइपचाच, सात वजनांत, म्हणजे जाड्यांत, येतो, मी मधलं वजन घेतलं. ती ओळ साध्या विनायलमध्ये. वरच्या दांडग्या अक्षरांखाली शांत वाटते. दरपत्रकातही माझी अक्षरं फक्त मथळ्याला, आकडे आणि नावं मुक्तात.

मोठी अक्षरं ५ मिमी लाल अ‍ॅक्रिलिकमध्ये, लेझरने. सर्वांत लांब शब्द 'मालवणी' १ मीटरच्या थोडा वर, लेझरच्या १३०० मिमीच्या टेबलावर बसतो. शिरोरेषा मध्ये तोडावी लागली नाही हे नशीब.

रंगावरून घरात दोन तट होते. मला मरून पाटीवर पांढरी अक्षरं हवी होती. मामीने एकच प्रश्न विचारला, "चार म्हयन्यांनी पांढऱ्याचा काय जातलां?" गल्लीत मार्च ते मे हवेत तिखट तरंगतं, माझी पांढरी ओढणी तिथे गुलाबी होते. म्हणून पिवळी पाटी, मिरचीच्या रंगाची अक्षरं. लोकलच्या स्टेशनांवरही पिवळीच पाटी असते, कोणी तक्रार करत नाही.

१ मार्च, शनिवार

पाटी चढली. फॅब्रिकेटरची दोन माणसं, एक शिडी, आणि खाली मी, मामा, पेंटरकाका आणि निम्मी गल्ली.

कापताना सुटा झालेला अनुस्वार पॅकिंगच्या कागदाबरोबर कचऱ्यात गेला होता. पाऊण तास शोधून सापडला. सुटे भाग असतील तर त्यांची वेगळी पिशवी करा आणि त्यावर नाव लिहा.

अक्षरं लावायला पूर्ण मापाचा कागदी साचा छापून नेला होता. पेंटरकाकांनी साचा बाजूला ठेवायला लावला, पाटीवर दोरी धरली, खडूची भुकटी लावून टणकन एक रेघ मारली आणि म्हणाले, "शिरोरेषा हिला टेकव." कागद वाऱ्याने फडफडत होता, दोरी नाही. वीस मिनिटांत तिन्ही शब्द सरळ. साच्याचे ४८० रुपये मी खर्चात धरलेत, लपवत नाही.

५ मार्च, बुधवार

दुपारी मामाचा फोन: "गो, अक्षरां भरली."

दुकान दक्षिणमुखी. अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून मी २० मिमीच्या स्टडवर, म्हणजे बारीक खुंट्यांवर, पाटीपासून उचलून बसवली होती. उन्ह चढलं की प्रत्येक शिरोरेषेची सावली खाली चार बोटं उतरते, म आणि स च्या त्या मोजूनमापून काढलेल्या भोकांत. सकाळी आठला 'मसाला', दुपारी साडेबाराला पुन्हा 'ममाला'. गॅलरीतल्या चाचणीत ऊन नव्हतं.

८ मार्च, शनिवार

स्टड काढले, अक्षरं दुतर्फी टेप आणि सिलिकॉनने पाटीला सपाट चिकटवली. आता जाडी ५ मिमीचीच, दुपारची सावली बोटभरही नाही. सिलिकॉन सगळीकडे फासलं नाही, ठिपक्यांनी लावलं. अ‍ॅक्रिलिक उन्हात वाढतं, मीटरभर लांबीला २५ अंशांच्या फरकाने दीड-पावणेदोन मिमी, त्याला सरकायला वाव हवा. मजुरी पुन्हा ९००. स्टडच्या भोकांवर पिवळी टिकली लावलीय. जवळून दिसते, सांगून ठेवते.

११ मार्च, मंगळवार

हिशेब. पाटीचं एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल) आणि चौकट ८,४००. अ‍ॅक्रिलिक आणि लेझर ७,१००. खालच्या ओळीचं विनायल ६५०. चढवण्याची मजुरी १,८००, अधिक दुसऱ्यांदाचे ९००. वाया गेलेलं: कागद ३४०, पहिलं विनायल १,१५०, राउटरचा नमुना ७००, साचा ४८०, स्टड ५६०. एकूण २२,०८०. वाया गेलेलं मी भरलं, मामाला सांगितलं १८,८५०. माझे तास ९४, त्यातले निदान ३० पहिल्या दोन आठवड्यांतले, म्हणजे फेकून दिलेले.

पेंटरकाकांनी पैसे घेतले नाहीत. दोन किलो मालवणी मसाला आणि अर्धा किलो गोडा घेतला. जाताना पाटीकडे बघून म्हणाले, "ड चं पोट थोडं लहान झालंय."

रात्री घरी मोजलं. ड चं पोट १४ एककांनी लहान आहे. फाइलमध्ये दुरुस्त केलंय. पाटीवरचं राहील तसंच.